बहात्तर मार्कांची ताई

शादाब : दीक्षाताई, तुम्ही इथे, परीक्षेच्या हॉलबाहेर? कोन गावाहून खास आम्हाला ऑल द बेस्ट करायला आलात? कसम से, सख्खी बहीणसुद्धा येणार नाही.

दीक्षा : हो... म्हणजे, म्हटलं बघावं, पोरं घाबरली नाहीत ना.

रूपा : मंग हातात हॉल तिकीट कुनाचं हाय?

दीक्षा : हे? हे असंच.

रूपा : दाखव. फोटो तुजाच हाय. विषय, इंजिनिअरिंग मेकॅनिक्स. ताई, हा केटीचा पेपर हाय. आज हितं नापास झालेलीच पोरं आलीत. तू कशाला आलीस?

शादाब : मार्क वाढवायला असेल. तुम्ही सांगितलेले ते बहात्तर कमी पडले असतील.

दीक्षा : बहात्तर नव्हते रे.

शादाब : मग?

दीक्षा : पहिल्या वेळी एकोणीस. दुसऱ्या वेळी बावीस.

रूपा : ऐंशीपैकी?

दीक्षा : मग काय पंचवीसपैकी?

रूपा : आनि आमी तीन महिने तुज्या घरी शिकाया येतोय! माजी आयस दर रविवारी पिशवीभर सुका जवला पाठवते, टॉपर पोरगी हाय म्हनून!

दीक्षा : जवळा फार छान असायचा गं.

शादाब : एक मिनिट. म्हणजे कठीण गणित आलं की तुम्ही चहा ठेवायला आत जायचात...

दीक्षा : पुस्तक तांदळाच्या डब्यात होतं.

शादाब : एकदा तर चहाला पाऊण तास लागला!

दीक्षा : त्या दिवशी पुलीचा धडा होता.

रूपा : हसू नको शादाब! पेपरला धा मिनिटं हायत. हिनं शिकवलेलं सगलं चुकीचं असंल तर? माजं वर्स जाईल.

दीक्षा : माझंही जाईल. यंदा विषय सुटला नाही तर मला तिसऱ्या वर्षाला बसू देणार नाहीत. आणि आई तिकडे दापोड्याच्या गोदामात डबल ड्युटी करतेय. तिला वाटतं, पोरगी पास होत होत चाललीय.

शादाब : पण मग आम्हाला शिकवायचं कशाला? गपचूप आपला अभ्यास करायचा.

दीक्षा : आधी दोनदा तसाच केला ना. सोडवलेले पेपर पाठ केले, आकृत्यांसकट. पुस्तकात शिडी डाव्या भिंतीला टेकलेली होती. पेपरात नेमकी उजव्या भिंतीला आली. मी घर्षणाचा बाण पाठ होता तसाच काढला.

रूपा : म्हंजी जमीनच शिडीला पाडतेय!

दीक्षा : बघ, तुला लगेच कळलं. मला दोनदा नापास होऊनही कळलं नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवशी आलात, मी बाण काढला, आणि तू विचारलंस, ‘हिकडंच का?’ मला काही सांगता येईना. चहा ठेवायला उठले ते तेव्हाच. एकटी असले की न कळलेली ओळ मी सरळ सोडून पुढे जायचे. तुझ्यासमोर सोडायची सोयच नव्हती.

रूपा : गोडगोड बोलू नको. हितं भिंतीच्या धुलीत बोटानं काढ. शिडीवर मानूस चढतोय. वर वर गेला तं काय व्हईल? आनि चहाला जायाचं न्हाय.

दीक्षा : माणूस जितका वर जाईल, तितकी शिडी भिंतीला जास्त रेटते. भिंत तिला तेवढ्याच जोराने उलटी ढकलते. मग खाली जमिनीलाही तेवढाच जोर लावून शिडीचा पाय धरून ठेवावा लागतो. जमिनीची ताकद संपली की पाय सटकला.

रूपा : आनि बान?

दीक्षा : भिंतीकडे. भिंत डावी असो नाहीतर उजवी.

शादाब : बरोबर आहे का गं, रूपा?

रूपा : बरोबर हाय. तेच तं माजं डोकं फिरलंय.

शादाब : चला, बेल झाली. ताई, तुम्ही माझ्या मागे बसू नका हां. बघून लिहाल.

(दोन महिन्यांनी. धामणकर नाक्यावर, शेअर रिक्षाच्या रांगेत. निकाल नुकताच मोबाइलवर आला आहे.)

शादाब : एक्केचाळीस! सुटलो!

रूपा : मना अठ्ठावन्न. ताई, तुजे?

दीक्षा : थांब, पेज उघडत नाहीये.

रूपा : दे हिकडं. अगो, उघडलंय की! डोले मिटून बसलीस तं कसं दिसंल? सदतीस.

दीक्षा : बत्तीसला पास ना?

शादाब : बत्तीसलाच.

दीक्षा : परत वाच.

रूपा : सदतीस. आता रडू नको, रांगेतली मान्सं बघतात.

दीक्षा : रडत नाहीये. पण तुला अठ्ठावन्न कसे पडले? शिकवलं तर मीच!

रूपा : तू चहाला गेलीस का मी पुढची गनितं सोडवायची. पाऊन तास नुसती बसून काय करू?

शादाब : आईला फोन लावा आधी.

दीक्षा : लावते. आधी एकोणीस सांगते, मग बावीस, मग हे.

रूपा : येडी हायस का? एकदम सदतीस सांग.

दीक्षा : नाही गं. पहिल्यापासून सांगते.

शादाब : ताई, फोनच्या आधी एक काम होतं. माझी चुलत बहीण आहे, हबीबा. तिलाही मेकॅनिक्सची केटी लागलीय. शिकवाल?

दीक्षा : मी? रूपाला विचार. अठ्ठावन्न तिला आहेत.

शादाब : मी तेच बोललो. ऐकत नाही. म्हणते, क्लासचे सर एकदम टॉपर आहेत, आपलं कुठे अडतं तेच त्यांना कळत नाही. तिला दोनदा नापास झालेलीच ताई पाहिजे.

दीक्षा : अरे, पण मी आता पास झाले.

शादाब : ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.