भिंतीत एक दार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, सन्माननीय नगराध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज सन्मानाने निवृत्त होत असलेले आपले विधी अधिकारी साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या बंधू-भगिनींनो,

सर्वांना सविनय नमस्कार. ही बाई कोण, असं तुम्ही एकमेकांना विचारताय, ते मला इथून दिसतंय. मी सोफ्याच्या गाद्या शिवते, आणि पालिकेवर दावा लावलेली बाई ती मीच. साहेबांच्या निरोपाला माझं काय काम? सांगते.

आमच्या दारासमोरून पालिकेने उंच रस्ता नेला आणि त्याला भिंत बांधली. माणूस आडवा होऊन निघेल एवढी फट ठेवली, हे उपकारच म्हणायचे. पण माझे सासरे चाकांच्या खुर्चीत असतात. खुर्ची आडवी होत नाही हो! तेव्हापासून बाबा घरातच. न्हावी पोट आत ओढून फटीतून येतो, त्यांची दाढी करून तसाच जातो. बाबा म्हणतात, "भिंत बघून विटलो गं. निदान रंग तरी बदलायला सांग त्यांना."

वकिलाने पहिल्याच भेटीत घर विकायचा सल्ला दिला, म्हणून माझी मीच वकील झाले. न्यायाधीश म्हणाले, आपसात मिटतंय का बघा. मग काय, साहेबांची खोली आणि मी! साहेबांचा स्वभाव अतिशय गोड, हे आवर्जून सांगायला हवं. प्रत्येक वेळी पाणी विचारलं, आणि भिंतीत दार मागितलं की प्रत्येक वेळी नाहीच म्हणाले. मला दिलेल्या खुर्चीची स्प्रिंग वर आलेली, तीही सोसली. त्यांनी मसुदा पुढे सरकवला की मी म्हणायचे, "थांबा, माझ्या वकिलाला विचारून येते." व्हरांड्यात जायचे, खिडकीशी उभी राहून रडू आवरायचे आणि परत येऊन सांगायचे, "वकील नको म्हणतेय." वहिनी, तुम्ही हसताय, म्हणजे घरी सांगितलंय त्यांनी!

शेवटी तडजोड झाली. पालिका भिंतीत दार पाडून देणार, उतार करून देणार. बदल्यात मी चारचौघांत एक वाक्य बोलायचं, की यात पालिकेची चूक नव्हती. साहेबच म्हणाले, "माझ्या निरोपाला बोला, सभागृह आयतंच भरलेलं असेल." सही केलेला कागद त्यांच्या खिशात आहे. वाक्य झालं की माझ्या हातात. नाही झालं, तर उद्या नवे साहेब आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

काल बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "असलं खोटं बोलून मिळणारं दार मला नको. मी आत बरा आहे." सकाळी निघताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आता तुम्हीच सांगा, मी काय करावं? त्यांचं ऐकलं तर ते कोंडलेले, नाही ऐकलं तर मी. संताप होतो हो जिवाचा!

अध्यक्ष महोदय घड्याळ बघताहेत. एक मिनिट द्या, माझ्या वकिलाला विचारते.

विचारलं.

आमच्या दारासमोर भिंत बांधण्यात पालिकेची कोणतीही चूक नव्हती.

टाळ्या नकोत. साहेब, कागद. हो, इथेच द्या. आभारी आहे.

हे आज बाबांना कुणी सांगू नका, एवढी विनंती. दार झालं की ते आधी सलूनमध्ये जातील, आणि तिथे कुणीतरी सांगेलच. मग माझ्यावर ओरडतील. ओरडू देत. ओरडायला बाहेरून घरी आलेले असतील ना!

साहेबांना निरोगी, मोकळं आयुष्य लाभो. बोलू दिलंत, आभार. बोलण्यात काही चूक झाली असेल, तर ती पालिकेची नाही, हे ठरलेलंच आहे. माझी समजून पोटात घाला.