उंबरा कुणी ओलांडायचा?

...नाही, पण मला सांगा, दारोदार पाजल्यावर माणूस चालणार कसा? आं? मी कुरकुर करत नाहीये हं! यंदा कुरकुर करायची नाही, ठरवलंय. फक्त सांगतोय! तेतचा पहिला दिवस, आमचं नवं वर्ष, सकाळपासून नवा सदरा घालून मी दारात बसलोय, टेबलावर बान्ह चुंग, म्हणजे पानात बांधून उकडलेला चिकट भाताचा चौकोन हो, शेजारी कांद्याचं लोणचं, आणि वाट्या दोन... हो, दोन! आणि येणार कोण? लुओंग. तो गल्लीच्या तोंडाशी शेवया विकतो ना, तोच. वर्षाचं पहिलं पाऊल घरात भाग्याच्या माणसाचं पडावं लागतं, आणि आमच्या गल्लीतला भाग्यवान म्हणजे हाच! ढेरी गोल, बायको हयात, मुलगे दोन, धंदा जोरात, वर सदा हसरा. मग काय, ज्याचं त्याचं त्यालाच आमंत्रण! आणि ज्याच्या त्याच्या घरी तांदळाच्या दारूचा पेला. आणि माझं घर कुठे? गल्लीच्या शेवटी!

दुपार व्हायला आली तेव्हा त्याच्या बायकोचा आवाज आला, "खिएमभाऊ, आमचे हे आडवे झालेत हो! तुमच्याकडे संध्याकाळी पाठवते!" संध्याकाळी! तोवर मी काय करू? लुओंग आल्याशिवाय दुसरं कुणी माझ्या घरात पाय टाकेना. वर्षभरात माझं काही वाईट झालं तर खापर पहिल्यानं आलेल्याच्या डोक्यावर ना! दारावरूनच ओरडतात, "खिएमकाका, नव्या वर्षाच्या शुभेच्छा!" आणि सुसाट पुढे. मी कुरकुर करत नाहीये, फक्त सांगतोय.

तुम्हाला सांगतो, लोक नव्या वर्षाला काय काय ठरवतात. कुणी माडी चढवणार, कुणी पोट उतरवणार. मी दोनच साध्या गोष्टी ठरवल्या. कुरकुर करायची नाही, आणि एकट्यानं जेवायचं नाही. माझी बायको, लूआ, गेली पावसाळा सरता सरता, तेव्हापासून मी चुलीपाशी उभ्यानंच जेवतो, पातेल्यातूनच. बसलं की समोरची जागा दिसते ना! आणि जन्मभर मी न्हावी हो, भिंतीला आरसा टांगायचा, झाडाखाली खुर्ची मांडायची, गिऱ्हाइकाच्या गळ्यात फडकं बांधलं की त्याला माझं ऐकल्यावाचून सुटका नाही, गालावर वस्तरा असताना कोण उठून जाणार? आता हात थरथरतात. वस्तरा ठेवला, तशी ऐकणारी माणसंही गेली. घरात बोलायला एक घड्याळ, तेही पुढे पळतं.

आणि आमच्याकडची समजूत अशी, की पहिल्या दिवशी जे कराल तेच वर्षभर होणार. रडलात, वर्षभर रडाल. भांडलात, वर्षभर भांडाल. आणि एकटे जेवलात... कळलं ना, मी अजून घास का घेतला नाही?

मग दुसऱ्याकडे जायचं, म्हणाल. कसा जाऊ? बायको जाऊन वर्ष झालेलं नाही, असा माणूस तेतला कुणाचा उंबरा ओलांडत नाही. मुलाचा सायगावहून फोन, "बाबा, लुओंगकाकांच्या आधी कुणाला आत घेऊ नका! आणि तुम्ही कुणाकडे जाऊ नका, बरं दिसत नाही. आणि बाबा... मजेत राहा हं!" मजेत! कुणाबरोबर रे? टेबलाबरोबर?

तेवढ्यात समोरून आवाज, "तुमच्याकडेही नाही ना आला तो मेला?" समोरच्या मियेनबाई. त्यांचे यजमान गेल्या उन्हाळ्यात गेले, म्हणजे त्याही माझ्यासारख्याच, दारात, नव्या कपड्यांत, उपाशी! गल्ली आमची एवढी अरुंद की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकानं उतरावं. म्हटलं, "बाई, मी आलो असतो, पण तुमचं वर्ष बिघडेल." त्या म्हणाल्या, "माझं काय बिघडायचं राहिलंय? पण तुमच्या घरी मी आले आणि तुमच्या मुलाला सर्दी झाली, तरी सून माझं नाव घेईल!" असं बराच वेळ चाललं, तुम्ही नको, मी नको... शेवटी त्याच म्हणाल्या, "अहो, टेबल ओढा ना बाहेर! गल्ली का कुणाचं घर आहे?"

ओढलं! भर गल्लीत. मी माझ्या उंबऱ्यावर, त्या त्यांच्या, मधे टेबल. लोक पोट आत घेऊन भिंतीला घासत जात होते, जाऊ देत! मी बान्ह चुंग कापला आणि कोपऱ्याचा तुकडा त्यांच्या वाटीत वाढला. त्या थबकल्या. मग मुकाट्यानं खाल्ला. नंतर लक्षात आलं, कोपरा लूआला आवडायचा. मियेनबाईंना कडेचा कडक भात चाववत नाही, सारी गल्ली जाणते.

मी दुसऱ्यांदा घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी झटकन ताटली मागे ओढली, "पुरे! मग छातीत जळजळतं म्हणून घर डोक्यावर घ्याल." अहो, माझ्या छातीत उभ्या जन्मात कधी जळजळलं नाही! ते त्यांच्या यजमानांच्या. मी तोंड उघडलं... त्यांचा चेहरा बघितला... आणि मिटलं. त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला तर रडू येत होतं, पण पहिल्या दिवशी रडायचं कसं? म्हणालो, "हो बाई, कालपासून जरा जळजळतंच आहे." तर काय सांगू, लगेच आत जाऊन आल्याचा काढा! तिखटजाळ! आणि वर दम, "संपवा!"

आता पहिल्याच दिवशी झालं म्हटल्यावर... वर्षभर जळजळायलाच हवं ना मला?