सायराची कालिम्नोसला परतपाठवणी

सन्माननीय अध्यक्ष मुश्ताकसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे जहूरभाई आणि भर उन्हात शारजाहून होड्यांनी, मोटारींनी आलेल्या माझ्या कोकणी भावाबहिणींनो,

आज १९६९ साली तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीचा, सायराचा, निरोप समारंभ करताय. भाऊ म्हणून मी काय बोलू? कालपर्यंत तुम्ही सगळे मला विचारत होता, “खैरुद्दीन, विधवा बहिणीला पुन्हा त्या परक्या बेटावर कसं पाठवतोस?” त्याचं उत्तर आज देतो.

माझे मेहुणे हारुन इंजिनावरचे कारागीर. समुद्रतळातून स्पंज काढणाऱ्या ग्रीक बोटीवर त्यांना काम मिळालं आणि सायरा त्यांच्यामागे कालिम्नोस या ग्रीक बेटावर गेली. रत्नागिरीची पोर! भाषा येईना, अजान ऐकू येईना. शेजारच्या कालिओपी म्हातारीने पहिल्याच दिवशी गरम पाव आणून दिला आणि तिचा हात धरून स्पंज धुणाऱ्या बायकांत नेऊन बसवलं. सायरा तिथेच ग्रीक शिकली.

तिसऱ्या वर्षी बोट आफ्रिकेकडे निघाली आणि हारुनभाईंच्या छातीत कळ आली. खलास. कप्तान मिखालीसने अख्ख्या हंगामावर पाणी सोडलं आणि त्यांना घेऊन बोट मागे वळवली.

गावात मुसलमानाचं दुसरं घर नाही. तिथला पाद्री दारात येऊन म्हणाला, “बाई, तुमच्यात कसं करतात ते सांग. तसंच करू.” सायराने सांगितलं. पेटी नको, पांढरं कापड हवं, तोंड मक्केकडे. कालिओपीने मुलीच्या लग्नासाठी जपलेलं पांढरं कापड काढलं. स्वतःच्या अंजिराच्या बागेत जागा दिली. मिखालीसने बोटीवरचं होकायंत्र आणून जमिनीवर ठेवलं आणि दिशा पाहिली. मग खवळलेल्या समुद्रात शेजारच्या कोस बेटावर जाऊन इमामसाहेबांना घेऊन आला. जनाज्याच्या नमाजाला कोसची चार माणसं उभी होती आणि त्यांच्या मागे, टोपी काढून, सगळं गाव.

महिन्याभराने मी तिला आणायला गेलो. म्हटलं, “यल्ला, चल, सामान बांध.” तिने मला त्या बागेत नेलं. कबरीवर ताजं पाणी शिंपडलेलं होतं. ते कोणी शिंपडलं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. सभाजनहो, मी तिथे फातिहा वाचली आणि खाली बसून राहिलो. अशी माणसं या दुनियेत असतात? मी एकटाच परत आलो.

गेल्या वर्षी माझी बायको शहनाझ अंथरुणाला खिळली तेव्हा सायरा आपणहून इथे आखातात आली. तिला उठवून चालतं केलं. परवा मी म्हटलं, “आता इथेच राहा ना.”

ती म्हणाली, “भाय, कालिओपीला आता दिसत नाही. अंजिरं पिकली असतील. ती शिडीवर चढेल.”

“आणि आम्ही?”

“तुम्हाला दिसतंय ना?”

मी उठलो आणि तिचं सामान बांधायला घेतलं. तुम्ही काय केलं असतं?

मंडळाने हा मान दिला, तुम्ही वेळ काढून आलात, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि उद्या बंदरावर, तिच्यासमोर, मला रडू आवरलं नाही तर तेही.