नवव्या प्रकरणातला दुसरा आवाज

बाई : चहा नको. चहा विचारलात म्हणजे काहीतरी बिनसलंय. तुमच्या आधीचे व्यवस्थापक मला काकू म्हणायचे आणि चहा कधी विचारायचे नाहीत.

व्यवस्थापक : तसं काही नाही, मॅडम. चार महिने झाले मला इथे येऊन. सगळ्या स्वयंसेवकांना एकेक करून भेटतोय.

बाई : मग खाली शिपाई मला बघून गप्प का झाला? सरळ बोला. अकरा वर्षं मी अंधांसाठी पुस्तकं वाचून देतेय. ते काम आता कॉम्प्युटरच्या आवाजाला द्यायचंय, हो ना?

व्यवस्थापक : नाही. कायद्याच्या पुस्तकाबद्दल विचारायचं होतं. तुम्ही घरून पाठवलेलं नववं प्रकरण लावतो, ऐका. प्रत्येक वाक्याच्या आधी कुणीतरी कुजबुजतंय.

बाई : पंखा असेल.

व्यवस्थापक : पंखा 'थांबा, पान चुकलं' असं म्हणत नाही.

बाई : तेवढं कापायचं राहिलं.

व्यवस्थापक : म्हणजे कुणीतरी आहे.

बाई : घरात माणसं असतात. तुमच्याकडे नसतात?

व्यवस्थापक : स्पष्टच विचारतो. दुसऱ्या कुठल्या संस्थेचं तयार रेकॉर्डिंग लावून तुम्ही त्याच्या मागून बोलता का? माझ्या आधीच्या नोकरीत एक स्वयंसेवक काम न करता नुसत्या हजेरीच्या सह्या ठोकून प्रमाणपत्र घेऊन गेला. तेव्हापासून मी कुणाच्या शब्दावर जात नाही.

बाई : मला चोर म्हणताय.

व्यवस्थापक : विचारतोय फक्त.

बाई : चोराला विचारतात तसं विचारताय.

व्यवस्थापक : श्रोत्यांपैकी एकीचा निरोप आलाय म्हणून विचारतोय. कोर्टात टेलिफोन ऑपरेटर आहेत त्या, बढतीच्या परीक्षेसाठी तुमचंच पुस्तक ऐकतात. पुस्तकात घोळ झाला तर त्यांचं वर्ष जाईल. हा बघा निरोप.

निरोपातला आवाज : नमस्कार. नवव्या प्रकरणात बाईंच्या आवाजाआधी आणखी एक आवाज येतो. दर वाक्याला येतो. मला वाटतं, तुम्हाला हे कळायला हवं...

व्यवस्थापक : ऐकलंत? तक्रार आली की मला गप्प बसता येत नाही. हे नवे नियम. रेकॉर्डिंगला वाचकानं एकट्यानं बसायचं. वाचून सही करा.

बाई : हं. वाचलं. पेन द्या.

व्यवस्थापक : सगळं वाचलंत? इतक्यात?

बाई : वाचलं म्हटलं ना. अकरा वर्षं दुसरं काय केलं मी?

व्यवस्थापक : मॅडम, ही कागदाची मागची बाजू आहे. कोरी आहे ती.

(बाई कागद चाचपून उलटा करतात.)

व्यवस्थापक : केव्हापासून?

बाई : दीड वर्ष झालं. कडेचं दिसतं, मधलं गेलं. तुमचे कान दिसतात मला, तोंड दिसत नाही.

व्यवस्थापक : मग वाचतं कोण?

जाऊबाई : मी वाचते. दाराशीच उभी होते, सगळं ऐकू आलं.

बाई : तुला खाली थांब म्हटलं होतं.

जाऊबाई : आणि परत जिना कोण उतरवणार होतं तुम्हाला? साहेब, मी यांची धाकटी जाऊ. दुपारची कामं आटपली की आम्ही दारं-खिडक्या लावून बसतो. मी यांच्या कानात वाचते, या माइकमध्ये म्हणतात. माझी शाळा सातवीत सुटली. कायद्याचे शब्द जिभेला वळत नाहीत. मी अडखळत वाचते, ताई नीट म्हणतात. एरवी माझा आवाज आम्ही नंतर कापून टाकतो, या वेळी राहिला. नवव्या प्रकरणाला तीनदा भांडलो आम्ही.

बाई : चारदा.

व्यवस्थापक : पण मला सांगायचं तरी.

बाई : सांगून काय झालं असतं? सत्कार करून, 'आता आराम करा' म्हणून घरी बसवलं असतंत. नवरा गेला, शाळेतली नोकरी संपली, तेव्हा या वाचनानं मला धरून ठेवलं. तेही गेलं तर मी सकाळी उठायचं कशासाठी? भीती वाटते हो मला. म्हणून खोटं बोलले.

व्यवस्थापक : तुमचं पटतंय मला. पण तक्रारीचं काय करू?

बाई : तो निरोप पुन्हा लावा. तुम्ही मध्येच तोडलात.

व्यवस्थापक : मुद्दा तिथेच कळला होता. पाच मिनिटांचा आहे तो.

बाई : म्हणजे तुम्हीही पूर्ण ऐकलेला नाही. मी बाराशे पानांचं पुस्तक घेऊन बसलेय आणि तुम्हाला पाच मिनिटं ऐकवत नाही? लावा.

निरोपातला आवाज : ...कळायला हवं, की बाईंना आता बहुतेक दिसत नसावं. तक्रार नाही हं माझी. माझ्या लगेच लक्षात आलं, कारण मीही अशीच शिकले. आधी आई वाचायची, मग मी म्हणायची. त्या दुसऱ्या बाईंना सांगा, कुजबुजू नका, मोकळ्यानं वाचा. दोनदा कानावर पडलं की माझ्या चांगलं लक्षात राहतं. दहावं प्रकरण कधी पाठवताय? परीक्षा जवळ आलीय.

व्यवस्थापक : हे मी ऐकलंच नव्हतं. चुकलं माझं.

जाऊबाई : मोकळ्यानं म्हणजे? माझा आवाज लोकांना ऐकवणार?

व्यवस्थापक : आवाजाची चाचणी द्यावी लागेल तुम्हाला. सगळ्यांनाच द्यावी लागते. पुस्तकाच्या सुरुवातीला दोघींची नावं येतील. एकट्यानं बसायचा नियम मी खोडतो.

जाऊबाई : सातवीतलं पोर अडखळावं तशी वाचते मी, आधीच सांगून ठेवते.

बाई : मी आहे ना मागे.

व्यवस्थापक : आणि काकू, रागावणार नसाल तर आणखी एक सांगू? आमच्याकडे श्रोत्यांचाही फॉर्म असतो. पुस्तकं घरी येतात. आजच भरला पाहिजे असं नाही.

बाई : अकरा वर्षं त्या फॉर्मांच्या कपाटासमोरून जातेय मी. तो फॉर्म कधी हातात घेतला नाही.

जाऊबाई : ताई, आज नको वाटत असेल तर राहू दे. परत येऊ.

बाई : घे त्यांच्याकडून. पहिली ओळ वाच. मोकळ्यानं वाच, मी म्हणते मागून.