चांद्याच्या नाकातली जळू

…तसं नाई रे भाऊ, या मैनाबाईनं पान्यासाठी आजवर कोनाले नाई म्हटलं नाई — साऱ्या नांदगावात इचार. फक्त तळ्यावर नको नेऊ बैल. हा विहिरीजवळचा हौद भरून ठेवला हाये, इथं पाज पोटभर. काहून म्हनतं? ये, बस असा सावलीत, अन् या थाळीत पाह्य. तळ्याच्या कडेचं पानी हाये, तुमच्यासारख्या गाडीवानायले दाखवाले म्हनून आनून ठेवतो मी. काय दिसते? काईच नाई? मिशा एवढ्या मोठ्या ठेवल्या अन् डोळे घरी इसरून आला का? नीट पाह्य. हा पाय न भिजवता वरवर पळते — हा पानकिडा, गरीब हाये बिचारा. तळाशी मातीच्या रंगाचा, जबडा काढून बसला, ते चतुराचं पिल्लू — पंख फुटले का तुझ्याच डोक्यावरून उडन. काडीले चिकटली ती गोगलगाय. अन् हे काय? सूत? कापूस वाहून वाहून तुले जिकडंतिकडं सूतच दिसते, बाप्पा. सूत असं आखडते का? पाह्य, आता लांब झालं, आता बुटकं — दोनी टोकानं धरून धरून चालून राह्यलं. जळू होय ते. पिल्लू हाये अजून. वैदू लावते ती वेगळी, हिरवट, पाठीवर पट्टे असलेली, पोट भरलं का आपसूक गळून पडते. ही तशी नाई. बैलानं पानी प्यालं का ही सुतासारखी नाकात शिरते, अन् आत बसून रक्त पिऊन पिऊन बोटाएवढी होते. मले कसं माहीत? अरे, माहेरी आमचं घर तळ्याच्या पाळीवरच. पोरी पोरी चिखलात बसून हेच खेळत होतो — हे कोन, ते कोन.

घाई काय हाये तुले? अमरावतीचा बाजार कुठं पळून नाई चालला. बैलायचं पिऊन होऊ दे, तवर ऐक. आमच्या घरी एक बैल होता, चांद्या. सात समुद्रापार कोनाची तं लढाई जुंपली अन् इथं कापसाले सोन्याचा भाव आला, त्या साली आमच्या ह्यायनं जोडी घेतली. नाव नाई घेत मी त्यायचं, तू नको इचारू. जोडी काय घेतली, मानूस दोन बोटं उंचच झाला — चालले का पागोटं आधी पुढं जाये, मंग हे. चांद्याच्या कपाळावर पांढरा चांद, म्हनून चांद्या. माझ्या कपाळावर कुंकू किती मोठं हाये हे त्यायनं कधी पाह्यलं नसन, पन चांद्याचा चांद रोज फडक्यानं पुसत. बरं, अन् शेजारी गफ्फारभाई — अब्दुल गफ्फार, तोही गाडीवान. तरुनपनापासून दोघं संगं अकोल्याले गाड्या नेत, एका भाकरीतले दोन तुकडे करून खात. पुढं एका साली पटात, बैलायच्या शर्यतीत, दोघायच्याही जोड्या पळाल्या, अन् चांद्यानं गफ्फारभाईच्या जोडीले मांगं टाकलं. दुसऱ्या दिवशी चांद्याच्या एका नाकपुडीतून रक्त. मान झटके, फुरफुरे, वैरनीले तोंड लावे ना.

आता मानूस काय करन? बैलाचं नाक पाहन, नाई का? आमच्या ह्यायनं लोकायची तोंडं पाह्यली. चावडीवर कोनी म्हनलं, रातच्याले गफ्फारनं बैलाले सरकी चारली. झालं. हरला म्हनून इख घातलं. रातभर हे बैलाजवळ बसून होते, अन् एकदा मले वाटलं का रडून राह्यले — मित्रासाठी का बैलासाठी, देवाले माहीत. सकाळी पाटलाकडं गेले, पंच बोलावले, अन् आमच्याच अंगनात अर्धं गाव गोळा. गफ्फारभाई एकटा आला. म्हने, चारली सरकी, दरवर्षी चारतो. एवढंच बोलला. तोंड असं झालं होतं त्याचं का पाहवत नव्हतं.

मी दारात उभी. मी म्हनलं, इख नाई, जळू हाये नाकात — आजचा दिवस पानी देऊ नका, आपोआप बाहीर येते. तं हे काय म्हनले माहीत हाये? पंचायसमोर. “गप बस. तुले काय समजते?” हास तू, हास. तुझी बायको हाये का घरी? मंग नको हासू.

गफ्फारभाईच म्हनला मंग — भाभी म्हनते तं दिवसभर तहानेला ठेवा बैल. जळू नाई निघाली तं मी बायकापोरं घेऊन गाव सोडतो. त्याची बायको जैनबबी कुंपनापल्याड उभी होती, तिनं पदर तोंडात धरला. अरे, गाव सोडतो म्हनला तो, माझ्या एका शब्दावर. माहेरी पाह्यलं होतं खरं, पन लहानपनी पाह्यलेलं — अन् नसलीच नाकात तं?

मंग तो दिवस. ऊन असं का कौलं तडकावी. चांद्या हंबरे, जीभ काढे, अन् हे — हेही पानी प्याले नाई, बरं का. बैलाकडं पाठ करून बसले, पन पानी प्याले नाई. ऊन उतरल्यावर गफ्फारभाईनं गार पान्याची बादली चांद्याच्या नाकाखाली धरली, पिऊ नाई दिलं, फक्त वास. मी हाताले राख चोळून उभी. थोड्या वेळानं नाकपुडीतून काळं काईतरी लोंबलं, पान्याकडं लांब झालं. धरलं मी. सुटे ना, निसटे ना — ओढलं तं बोटाएवढी जळू, तट्ट फुगलेली. पंच एकेक उठून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी हे गफ्फारभाईच्या ओट्यावर जाऊन बसले. जैनबबीनं सांगितलं मले सारं. पागोटं मांडीवर काढून ठेवलं अन् म्हनले, चुकलं माझं. गफ्फारभाई म्हने, मले काय सांगतं, जिनं ओळखलं तिले सांग. पंचायलेही नारळ दिला ह्यायनं. चांद्याले गूळ चारला, त्याच्याही पाया पडले. हो, बैलाच्या. पंचायले, गफ्फारभाईले, जैनबबीले, बैलाले — साऱ्यायले सांगून झालं.

मले? मले नाई.

नाई, राग नाई रे. चांगला मानूस हाये. तवापासून एकडाव गप बस म्हनले नाई मले. पन रोज जेवाले वाढतो तवा वाटते, आज म्हनन. तुपाचा थेंब जास्त टाकतो, वाटते आता म्हनन — अन् हे म्हनते, भाकर दे. जास्त काय पायजे होतं मले? एक शब्द. चांद्या गेला, गफ्फारभाईच्या पोरीचं लगन झालं, पटात आता दुसऱ्यायच्या जोड्या पळतात, अन् मी अजून… हे तं मी जैनबबीलेही नाई सांगितलं कधी. तुले काहून सांगून राह्यली कोन जाने. परका हाये म्हनून असन.

थांब. आत बाज करकरली का? झोपले होते ते. ताप हाये दोन दिवसापासून, मले वाटलं झोप लागली —

अवं, उठले काहून तुमी? घोंगडी तं घ्या अंगावर. अन् दार धरून असे उभे काहून? पानी पायजे का? नाई? मंग… काय म्हनता? चुकलं?

थांबा. जरा थांबा. पाव्हना हाये अंगनात.

तू जा रे भाऊ आता. बैल पिले तुझे. गाडी जूप अन् निघ, मांगं पाहू नको. जा म्हनतो ना.