समजा, किट घातलंय

अगं, परवाच्या ट्रेनिंगचं ऐक की. कोडोलीच्या दवाखान्यात आम्हा आशाताईंना पुढच्या साथीसाठी तयार करायला कोल्हापुरातनं एक साहेब आलते. म्हणाले, "पीपीई किट अजून आलेली नाहीत. समजा, तुम्ही घातलंय. चला, आता पेशंटजवळ जा."

मागच्या साथीत मी नवऱ्याचा रेनकोट घालून घरोघरी फिरलेली. डोस्कंच तापलं माझं. पण त्या दिवशी चहाची पाळी माझ्याकडं होती. सगळ्यांना चहा दिला आणि साहेबांच्या हातात नुसता रिकामा कप ठेवला.

"ताई, यात चहा कुठंय?"

"समजा, हाय. प्या की."

साहेब लालबुंद. "ही काय चेष्टा लावलीय?"

"चेष्टा न्हाय साहेब, हे बी ट्रेनिंगच हाय. किट आणा, मग कप भरते."