लोंबती वायर

डेअरीत झाडलोट करणाऱ्या द्रौपदाबाई आळेफाट्याला एसटीच्या रांगेत पहिल्या होत्या. मागं दोन अनोळखी माणसं बोलत होती.

“डेअरीचं नेट कशानं बंद व्हतं, रत्नदीप?”

“सर्वरचा एकच निरोप सगळ्या कॉम्प्युटरवर लाखो वेळा येत व्हता.”

“सर्वर बिघडला?”

“नाय राव. खंडेनवमीला सर्वरची पूजा मांडताना लोंबती वायर वाईट दिसती, म्हणून तिचं मोकळं टोकबी, ती ज्या नेटच्या डब्यातनं निघालेली त्याच डब्यात खोचलेलं. निरोप तिथंच गोल फिरत राहिला.”

“खोचलं कुणी?”

“झाडणाऱ्या मावशीनं पूजा मांडली व्हती म्हणं. चेअरमन म्हणले, ज्यानं केलं त्याला कामावरनं काढतो.”

“मग तू काय सांगितलं त्यांना?”

“म्हणलं, डबाच जुना झालाय.”

एसटी लागली. द्रौपदाबाई बाजूला सरल्या.

“चढा भाऊ, आधी तुमी जागा धरा.”